कावीळ झालेल्या बाळाला अंगावर पाजायचं की नाही?

प्रश्न : माझं पहिलं बाळंतपण. तासगावजवळ माहेरी आहे. ३७ आठवडे झाल्यावर सिझर झालं, मुलगी झाली, वजन २ किलो ७०० ग्रॅम. आज पाचवा दिवस. काल घरी आलो. अंग पिवळं दिसायला लागलं म्हणून आज सकाळी दाखवलं. रक्त तपासलं तर बिलीरुबिन १४.२ आलं आणि वजन २ किलो ४८० भरलं. डॉक्टर म्हणाले, लाइटखाली ठेवायची वेळ आलेली नाही, दूध भरपूर पाजा, उद्या सकाळी पुन्हा रक्त बघू. पण सासूबाई फोनवर म्हणतात, दोन दिवस अंगावरचं बंद कर, पावडरचं दे. आई सकाळच्या उन्हात बाळाला उघडं ठेवते. माझ्या जेवणातली हळद बंद केलीय. मामा कावीळ उतरवणाऱ्याकडं न्यायचं म्हणतात. बाळ सारखं झोपतं, रडत नाही, काही त्रास देत नाही. मी काय करू?

उत्तर :

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मागून. अंगावरचं दूध बंद करू नका. आत्ता पाजताय त्याहून जास्त वेळा पाजा, आणि उद्या सकाळची रक्ततपासणी काही झालं तरी चुकवू नका.

मी सांगलीत नवजात बाळांच्या वॉर्डात २६ वर्षं सिस्टर होते. आता बाळंतिणींना अंगावर पाजायला मदत करते. पिवळी बाळं इतकी हाताळलीत की १४.२ हा आकडा वाचून मी दचकले नाही. दचकले ते तुमच्या शेवटच्या ओळींना. बाळ सारखं झोपतं, रडत नाही, त्रास देत नाही. घरातले सगळे म्हणत असतील, किती शहाणं बाळ. पाच दिवसांचं, पिवळं झालेलं बाळ असं शहाणं वागायला लागलं की मला त्याला लगेच उठवून पाजावंसं वाटतं.

कावीळ या शब्दानं आपल्याकडं निम्मा घोळ होतो. कावीळ म्हटलं की डोळ्यांपुढं येतं मोठ्या माणसाचं दुखणं: खराब पाणी, लिव्हरला सूज, तेलतूप बंद, महिनाभर पथ्य. बाळाच्या पिवळेपणाचा त्या दुखण्याशी संबंध नाही. तो कुणाकडून लागत नाही, कुणाला लागतही नाही. दिवस भरलेल्या दहा बाळांतली साधारण सहा पहिल्या आठवड्यात पिवळी होतात, आणि दिवस न भरता झालेल्या दहांतली आठ.

होतं काय, ते सांगते. पोटात असताना बाळ स्वतः श्वास घेत नाही, वारेतून येईल तेवढ्या प्राणवायूवर भागवतं. त्यासाठी त्याच्या रक्तात लाल पेशी भरपूर असतात. जन्मल्यावर फुप्फुसं चालू झाली की एवढ्या पेशी लागत नाहीत. शिवाय मोठ्या माणसाची लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते, नवजात बाळाची ७० ते ९० दिवस. पेशी मोडल्या की त्यांतून एक पिवळं द्रव्य निघतं, तेच बिलीरुबिन. कालपरवापर्यंत त्याची विल्हेवाट आईचं लिव्हर लावत होतं. आता बाळाच्या लिव्हरला ते काम करायचंय, आणि त्याला अजून हात बसलेला नाही. ते जमेल तसं बिलीरुबिन पित्तात सोडतं, पित्त आतड्यात येतं आणि बिलीरुबिन शीवाटे बाहेर जातं. शी आत पडून राहिली तर तेच बिलीरुबिन आतड्यातून पुन्हा रक्तात शोषलं जातं. मोरीला बोळा बसला की ओतलेलं पाणी परत वर येतं ना, तसंच.

म्हणून ही कावीळ उतरते ती शीवाटे. आणि शी व्हायची तर पोटात दूध जायला हवं. पहिल्या दोन-तीन दिवसांची ती काळी, डांबरासारखी चिकट शी बिलीरुबिननं भरलेली असते, आणि ती पुढं ढकलायचं काम चीक करतो. जिथं चीक पिळून टाकून देतात, तिथं हे औषधच फेकून दिलं जातं.

आता तुमच्या बाळाकडं येऊ. २७०० चं २४८० झालं, म्हणजे २२० ग्रॅमची घट, आठ टक्क्यांच्या थोडी वर. पहिल्या काही दिवसांत थोडं वजन सगळ्याच बाळांचं घटतं. सात टक्क्यांपर्यंत आम्ही फारसं मनावर घेत नाही, दहाच्या पुढं गेलं तर मात्र ताबडतोब कारण शोधतो. तुमची मुलगी या दोन्हींच्या मधे आहे, आणि पाचव्या दिवशी वजन घटायचं थांबायला हवं. माझा अंदाज असा, की तिच्या पोटात जावं तेवढं दूध गेलेलं नाही. यात तुमची काही चूक नाही. पहिलं बाळंतपण, त्यात सिझर, म्हणजे दूध उतरायला एखादा दिवस उशीर होतोच. आणि ३७ आठवड्यांचं बाळ दिसायला पुरतं वाढलेलं असलं तरी ४० आठवड्यांच्या बाळासारखं जोर लावून ओढत नाही, चार घोट घेतलं की दमून झोपतं. दूध कमी गेलं की शी कमी होते, शी कमी झाली की पिवळेपणा चढतो, पिवळेपणानं बाळ आणखी सुस्तावतं, सुस्तावलं की ओढत नाही, आणि बाळ ओढत नाही म्हटल्यावर आईच्या छातीलाही दूध करायची मागणी पोचत नाही. हे चक्र आज रात्रीच तोडायचंय.

पोटात दूध जातंय की नाही हे कसं कळणार? बाळ किती वेळ छातीला होतं यावर जाऊ नका. तोंडात बोंड धरून अर्धा तास झोपणारी बाळं मी शेकड्यांनी पाहिलीत. लंगोट बघा. पहिल्या दिवशी एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा लंगोट चांगले ओले व्हायला हवेत. शू पाण्यासारखी फिकी हवी. तिसऱ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग दिसत असतील तर दूध कमी पडतंय. शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत काळी जाऊन हिरवट, मग पिवळी, पातळसर आणि दाणेदार झालेली हवी, दिवसातून तीन-चार वेळा तरी. तुमच्या मुलीला आज अजून काळी शी होत असेल, तर ते उद्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

या नोंदीसाठी वही ठेवा. पलूसकडच्या एक आजी आमच्या वॉर्डात सुनेजवळ राहिल्या होत्या, त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी दोन वाट्या घेतल्या. बाळ प्यालं की एका वाटीत एक शेंगदाणा, शू झाली की दुसऱ्या वाटीत एक. सकाळी डॉक्टर राउंडला आले आणि त्यांनी शेंगदाणे मोजून पुढचा निर्णय घेतला. इतकी चोख नोंद आमच्या फायलीतसुद्धा क्वचितच असायची.

आता पाजायचं कसं. हे सविस्तर सांगते, कारण खरं काम इथंच आहे.

बाळ भुकेनं रडेल, मग घेऊ, असं आज म्हणायचं नाही. दर दोन तासांनी तिला उठवा. रात्रीसुद्धा दोन वेळांत तीन तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. अंतर मोजायचं ते आधीच्या वेळी पाजायला सुरुवात केली तिथपासून. २४ तासांत दहा-बारा वेळा झालं पाहिजे. मोबाइलला गजर लावा आणि तो गजर तुमच्या आईच्या किंवा नवऱ्याच्या उशाशी असू दे. बाळंतिणीनं गजराची काळजी वाहत जागं राहू नये.

झोपलेल्या बाळाला नुसतं छातीशी धरून उपयोग नाही. दुपटं सोडा, कुंची काढा. लंगोट बदला. तळपाय अंगठ्यानं चोळा, पाठीच्या कण्यालगत बोटं फिरवा. तरी डोळे उघडत नसेल तर तिला फक्त लंगोटावर तुमच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून शाल पांघरा. कातडीला कातडी लागली की बाळ आपोआप तोंड शोधायला लागतं, तिला ऊब मिळते आणि तुमचा पान्हाही लवकर फुटतो. शेगडीनं हे साधत नाही.

सिझरचे टाके दुखतात म्हणून बऱ्याच जणी वाकून, अवघडून पाजतात आणि मग बाळ नुसतं बोंड चघळतं. कुशीवर झोपून पाजा, किंवा बसून बाळाला बगलेखाली धरा, पाय तुमच्या पाठीकडं आणि डोकं पुढं, खाली उशी. म्हणजे पोटावर भार येत नाही. तिच्या वरच्या ओठाला बोंड हलकेच लावा आणि थांबा. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की बाळाला छातीवर आणा, छातीला बाळाकडं ओढू नका. हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडाभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात, खालच्या बाजूनं जास्त. असं असेल तर बरोबर लागलंय. पहिल्या काही ओढींनंतरही टोचल्यासारखं दुखत राहिलं तर करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घाला, पकड सोडवा आणि पुन्हा लावा. दहादा करावं लागलं तरी करा.

आणि कान द्या. घोट गिळल्याचा बारीक 'क्' असा आवाज येतो, आणि गिळताना हनुवटी क्षणभर खाली थांबते. हनुवटी नुसती थरथरतेय, आवाज नाही, म्हणजे दूध जात नाही. तेव्हा छाती तळहातात धरून हळूच दाबा आणि दाबलेली ठेवा. धार आली की बाळ पुन्हा गिळायला लागतं. थांबलं की हात सोडा, जरा जागा बदलून पुन्हा दाबा. एका बाजूनं मंदावली की ढेकर काढा, लंगोट बघा, दुसऱ्या बाजूला घ्या.

एवढं करूनही ती पाच-सात मिनिटांत दमत असेल तर पाजून झाल्यावर हातानं दूध पिळून काढा. अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून थोडं मागं, काळ्या भागाच्या कडेशी. आधी छातीच्या बाजूला आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडं आणायची. बोंड ओढायचं नाही. सुरुवातीला चमचाभरही निघणार नाही. निघेल तेवढं उकळून घेतलेल्या वाटीत घ्या आणि लगेच चमच्यानं किंवा बोंडल्यानं तिला द्या. डोकं उंच, थेंब थेंब, ओठाच्या कडेनं, ती गिळेल तसं. बोंडलं असेल तर दर वेळी उकळायचं. आमच्या आज्यांच्या काळातलं हे भांडं बाटलीपेक्षा फार बरं आहे. बाटलीच्या बुचाची सवय लागली की काही बाळं छाती नाकारतात. काढलेलं दूध झाकून ठेवलं तर साध्या खोलीत चार तास टिकतं.

रात्रीचं पाजणं टाळू नका. दूध तयार करायला लावणारा संप्रेरक रात्रीच जास्त पाझरतो.

सासूबाईंना अडाणी म्हणू नका. दोन दिवस दूध बंद ठेवा हा सल्ला त्यांच्या तरुणपणी डॉक्टरच द्यायचे, आणि त्यामागं थोडी खरी गोष्ट होती. आईच्या दुधाशी जोडलेल्या कावीळी दोन. एक पहिल्या आठवड्यातली, दूध कमी पोचल्यानं होणारी. दुसरी दुसऱ्या आठवड्यापासून दिसणारी. तीत बाळ उत्तम पितं, वजन चढतं, पण आईच्या दुधातल्या काही घटकांमुळं पिवळेपणा रेंगाळतो, कधी दोन-तीन महिनेसुद्धा. या दुसऱ्या प्रकारात दूध थांबवलं की आकडा झपाट्यानं उतरतो, म्हणून पूर्वी ते एक-दोन दिवस थांबवून बघत. आता तसं करायची गरज नाही असंच मानतात, कारण वाढत्या बाळाला त्या कावीळीनं सहसा काही होत नाही. तुमच्या मुलीची आजची कावीळ पहिल्या प्रकारातली वाटते. तिथं दूध बंद करणं म्हणजे आगीत तेल.

पावडरचं दूध म्हणजे विष नव्हे. उद्या वजन आणखी घटलं, आकडा चढला आणि तुमचं काढलेलं दूध पुरत नसलं, तर डॉक्टर वरचं दूध द्यायला सांगतील. तसं सांगितलं तर मनाला लावून घेऊ नका, द्या. क्रम एवढाच: आधी छाती, मग तुमचं काढलेलं दूध, मग मिळत असेल तर मदर मिल्क बँकेतलं, आणि शेवटी पावडर, तीही वाटी-चमच्यानं आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं. ग्लुकोजचं पाणी, गुळाचं पाणी, साधं पाणी मात्र एक चमचाही नको. पाण्यानं कावीळ उतरत नाही. त्यानं पोट भरतं आणि बाळ दूध सोडतं. मध नको, त्यातून बोट्युलिझम नावाचा जीवघेणा आजार होऊ शकतो. गुटी, एरंडेल, ग्राइपवॉटर, काही नको.

तुमच्या आईंच्या उन्हाबद्दल एक गोष्ट सांगते. मी सिस्टर असल्यानं ती मला फार जवळची आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्डचं रुग्णालय आहे. तिथल्या बाळांच्या विभागात वॉर्ड आडनावाच्या एक सिस्टर होत्या. ऊन पडलं की त्या अशक्त बाळांना बागेत न्यायच्या. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. अंग उजळलेलं, पण चादरीचा कोपरा होता तेवढा त्रिकोणी तुकडा पिवळाधमक. त्यातून डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडाचा प्रयोग केला आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. आजचे निळे दिवे तिथून आले. म्हणजे तुमच्या आईंचं निरीक्षण खोटं नाही. पण उन्हातला नेमका निळा उजेड किती मिळाला हे मोजता येत नाही, त्यासोबत कातडी भाजणारे किरणही येतात, आणि बाळाला उघडं ठेवावं लागतं. या थंडीत सकाळी साताला अंगणात उघडं ठेवलेलं अडीच किलोचं बाळ काही मिनिटांत गार पडतं. गार पडलं की आणखी सुस्तावतं आणि प्यायचं थांबतं. ऊन हा उपचार धरू नका. मुख्य म्हणजे ऊन देतोय ना, मग रक्त कशाला तपासायचं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

उद्या आकडा वाढला आणि लाइटखाली ठेवायला सांगितलं तर घाबरून जाऊ नका. बाळ 'पेटीत' ठेवलं म्हटलं की घरात रडारड होते, पण ते व्हेंटिलेटर नव्हे. दिव्याचा निळा उजेड कातडीतल्या बिलीरुबिनचा आकार बदलतो आणि मग ते लिव्हरच्या मदतीवाचून पित्तातून, लघवीतून बाहेर पडतं. डोळ्यांवर पट्टी असते, अंगावर फक्त लंगोट. शी हिरवट, पातळ होते. ती कावीळ बाहेर पडल्याची खूण आहे, हगवण नव्हे. दर दोन-तीन तासांनी बाळाला बाहेर काढून पट्टी सोडून वीस मिनिटं, अर्धा तास अंगावर पाजता येतं. आकडा फारच चढलेला असेल तर डॉक्टर बाहेर काढू देणार नाहीत, तेव्हा काढलेलं दूध आतच देतात. तुम्ही जवळ असायला हवं. आई घरी आणि बाळ पेटीत, असं होऊ देऊ नका. एकदा लाइट सुरू झाला की कातडीच्या रंगावरून काहीच ठरवता येत नाही, कातडी लवकर उजळते, रक्तातला आकडा मागं राहतो. आपल्या सावळ्या बाळांत तर एरवीही नुसत्या नजरेनं अंदाज चुकतो.

खर्चाची चिंता असेल तर सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. ही सोय २०११ पासून आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८.

१४.२ हा आकडा एकटा काही सांगत नाही. पहिल्या २४ तासांत १४ असता तर धावपळ झाली असती, पाचव्या दिवशी तो वेगळा. डॉक्टर बाळाचं वय तासांत मोजतात, गर्भाचे आठवडे बघतात, आणि रक्तगट. तुम्ही रक्तगट लिहिलेला नाही, उद्या विचारा. आई ओ आणि बाळ ए किंवा बी, किंवा आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या लाल पेशी वेगानं मोडू शकतात. मग लाइट लवकर सुरू करावा लागतो. तुम्ही निगेटिव्ह असाल तर बाळंतपणानंतर ७२ तासांत द्यायचं अँटी-डीचं इंजेक्शन दिलंय का, हेही फाइलमध्ये बघा.

एक गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून मीच विचारते. बाळाची दुपटी, कुंची, जुन्या साड्यांच्या वाकळा ट्रंकेतून काढल्यात का, आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या का? काही बाळांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एक द्रव्य जन्मजात कमी असतं. त्यांना त्या गोळ्यांचा वाससुद्धा बाधतो, पेशी फटाफट फुटतात आणि कावीळ एका रात्रीत चढते. वास येणारं प्रत्येक कापड आजच बाळापासून दूर करा. धुऊन, उन्हात वाळवून वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नका.

हळदीचं म्हणाल तर आजपासून नेहमीसारखी खा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथं घराघरांत, पेठेत हळद हाताळणाऱ्या बायका बाळंत होत आल्यात, त्यांची बाळं इतरांपेक्षा पिवळी होत नाहीत. हळदीचा पिवळा रंग वेगळा, बिलीरुबिनचा वेगळा. आईनं वरण, भात, भाकरी, पालेभाजी, अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, सगळं खावं. बाळाची कावीळ म्हणून आईला पथ्यावर टाकायचं कारण नाही.

मामांना मात्र ठामपणे नाही म्हणा. कावीळ उतरवायच्या नावाखाली नवजात बाळाच्या नाकात पाल्याचा रस पिळतात, डाग देतात. नाकातला रस फुप्फुसात जातो. डाग दिलेलं, न्यूमोनिया झालेलं बाळ आमच्याकडं आणलं जायचं तेव्हा कावीळ राहायची बाजूला, आम्ही श्वासासाठी झगडत असायचो. गळ्यात नुसती माळ घालतो म्हणाले तरी तिथं जाण्यात एक सकाळ जाते, आणि उद्याची सकाळ तुम्हाला रक्ततपासणीला हवीय.

आणखी पुढचं सांगून ठेवते, कारण तेव्हा मी तुमच्याजवळ नसेन. १४ दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला तर बहुधा तो आईच्या दुधाचा, निरुपद्रवी असेल. पण 'बहुधा'वर थांबायचं नाही. बिलीरुबिनचा डायरेक्ट भाग (लिव्हरनं प्रक्रिया केलेला) आणि थायरॉइड तपासून घ्यायचं, आणि रोज शीचा रंग बघायचा. जत भागातलं एक गोंडस, छान पिणारं बाळ होतं. दूधच आहे, जाईल, असं सगळे म्हणत राहिले. आणलं तेव्हा ते तीन महिन्यांचं होतं. शी खडूसारखी पांढुरकी, आणि शूचा डाग लंगोटावर गडद पिवळा उमटायचा. पित्तनलिका बंद असण्याचा तो आजार होता. त्याचं ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालं तर यश मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्या आईनं मला विचारलं, शीचा रंग बघायचा असतो हे मला कुणी का नाही सांगितलं? तेव्हापासून मी एकाही बाळंतिणीला ते सांगितल्याशिवाय घरी सोडलं नाही. तुमच्या आशाताई सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतील. त्यांनाही लंगोट दाखवा.

आणि या खुणा दिसल्या तर उद्याची वाट बघू नका, रात्री कितीही वाजले असले तरी निघा: तळपाय-तळहात पिवळे झाले, हलवून, कपडे काढूनही बाळ उठत नाही, छातीला लावलं तरी ओढत नाही, अंग चिंधीसारखं ढिलं पडलं किंवा उलट धनुष्यासारखं मागं ताणलं, रडण्याचा आवाज एकदम किंचाळल्यासारखा, बारीक झाला, अंग तापलं किंवा गार पडलं, झटका आला, आठ तासांत शू नाही. बिलीरुबिन फार चढलं की मेंदूत शिरतं. त्यातून बहिरेपण आणि हातापायांचं कायमचं अपंगत्व येतं. ते वेळेवर थांबवता येतं म्हणून इतकं परोपरीनं सांगतेय.

आज पाचवी आहे, म्हणजे संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरेल. पूजा जरूर करा. पण बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहतं आणि दोन वेळा पाजायचं राहून जातं, हे मी फार पाहिलंय. सहा वाजल्यापासून तुमची खोली बंद ठेवा, बाळ तुमच्याजवळच राहू द्या. कुणी विचारलं तर सिस्टरनं सांगितलंय म्हणा. सकाळी निघायच्या आधी एकदा पाजा, दवाखान्यात रांगेत बसल्या बसल्या पुन्हा पाजा. रात्रभराची वही सोबत न्या: किती वेळा प्याली, किती लंगोट ओले झाले, शी कुठल्या रंगाची. त्याच वजनकाट्यावर, कपड्यांशिवाय वजन करून घ्या आणि नवा आकडा मला लिहा.